शिक्षा म्हणून गाव झाडायचं

जमादारानं शाईचं पॅड माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाला, "अंगठा दे."

मी म्हणाले, "सही येते, साहेब."

"येती?" त्यानं खुर्च्यांवर बसलेल्या चौघांकडं बघितलं. "बघा बरं, कोतवालीण सही करती म्हणे. कर माय, कर. पण वाचत नको बसू."

वाचायला होतंच काय? कागद कोरा. खाली डाव्या हाताला तेवढं 'पंच' लिहिलेलं. एका सालगड्याला विहिरीतून काढलं होतं, त्याचा हा पंचनामा. प्रेत पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवलेलं. मला तिथपर्यंत कुणी जाऊ दिलं नव्हतं. खुर्च्या मागवल्या त्या चारच. मी नांगरटीत, उन्हात उभी. माझी बारावी झालेली. कोतवालाच्या परीक्षेत तालुक्यात तिसरी आलेली. कोऱ्या कागदाच्या तळाशी मी वळणदार सही केली. जमादार म्हणाला, "अक्षर झकास हाय की!" सगळे हसले.

मीही हसले. त्याचाच राग अजून जात नाही.

आमचं गाव हदगाव तालुक्यात. मी तिथली कोतवाल. म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचं माणूस. नोटिसा वाटा, दवंडी द्या, दप्तर उचला, साहेब आले की चहा सांगा. आणि पोलिसांना पंच लागला की जाऊन उभे राहा. पोलिसांना कोतवाल फार आवडतो. सरकारी माणूस, कोर्टानं बोलावलं की येतो आणि कशालाच नाही म्हणत नाही. माझ्या आधी माझे वडील कोतवाल होते. त्यांनी आयुष्यभर अंगठे दिले. घरी म्हणायचे, "पंचानं बघायचं नसतं, बाई. उभं राहायचं असतं."

मातंगाच्या घरातलं माणूस पंच! ऐकायला केवढं मोठं वाटतं. पंच म्हणजे ज्याचा शब्द गाव मानतं. आमचा शब्द कुणी कधी विचारलाच नाही. मागच्या साली सरकारनं आमचं नावही बदललं. कोतवाल म्हणायचं नाही, महसूल सेवक म्हणायचं. गावात कुणी म्हणत नाही. ए कोतवाल, एवढंच.

त्याच्या आधी कायद्याचं नाव बदललं होतं. पीनल कोड गेलं, न्याय संहिता आली. पोलीस ठाण्यासमोर मोठा फ्लेक्स लागला. ग्रामपंचायतीत एक पुस्तिका आली आणि ती ग्रामसभेत वाचून दाखवायचं काम माझ्याकडं आलं, कारण ग्रामसेवकाचा घसा बसला होता. त्याचा घसा नेमका ग्रामसभेच्या दिवशी बसतो. मी वाचलं. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येईल, हद्दीचं कारण सांगून कुणाला परत पाठवता येणार नाही. फिर्यादीची प्रत फुकट मिळेल. घरझडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावंच लागेल, पंचांच्या सह्यांसकट. तिथं मला भरून आलं, खरं सांगते. म्हटलं, कोऱ्या कागदाचे दिवस संपले. कॅमेऱ्यासमोर कोण कसं खोटं करील? बावळट होते मी.

आणखी एक ओळ होती. किरकोळ चोरी, पाच हजारांच्या आतली, माणूस पहिल्यांदाच सापडलेला, माल परत केला, तर तुरुंग नाही. सामुदायिक सेवा.

"म्हंजी काय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

मी म्हटलं, "लोकांच्या उपयोगाचं काम, बाबा. फुकट करायचं. झाडं लावायची, दवाखान्यात मदत करायची, साफसफाई करायची."

"हे बरं हाय," म्हातारा म्हणाला. मलाही बरंच वाटलं. पोटासाठी चार कणसं तोडणाऱ्याला तुरुंगात कशाला कोंबायचं?

आता सुमनमावशीचं सांगते. ती माझी सख्खी मावशी नाही. आमच्याच वस्तीतली, आमच्यापासून तिसरं घर. नवरा नाही, लेक परभणीकडं दिलेली. एकटी राहते आणि रोजानं रानात जाते. सोयाबीनची काढणी झाली की शेंगा गळून पडलेल्या असतात, फुटलेले दाणे मातीत राहतात. ते वेचायचे. त्याला सरवा म्हणतात. ज्या बायांनी काढणी केली, त्यांचा तो हक्क. कुठं लिहिलेला नाही, पण आमच्या भागात कुणी मोडत नाही. मावशीचा हात त्यात असा, की पाखरानं टिपावं तसं टिपते. वाकून वाकून दिवाळीपर्यंत तिनं दीड कट्टा भरला होता. म्हणजे दीड पोतं. सरव्याचं सोयाबीन लपत नाही. मातकट असतं, खडे असतात, दाणे चिरलेले, पावसानं काळवंडलेले. मळणीयंत्रातून निघालेला माल पिवळाधमक असतो. आंधळ्यानं नुसता हात घातला तरी सांगेल कोणता कुठला.

तिनं काढणी केली ते रान आप्पासाहेबांचं. गावातले सगळ्यात मोठे शेतकरी. त्यांना सगळे मालक म्हणतात, मीही म्हणते. काढणीनंतर कापूस वेचायला मावशी त्यांच्याकडं गेली नाही. दुसऱ्याच्या रानात गेली आणि जाताना आठ बायांची टोळी सोबत घेऊन गेली. मालकांचा कापूस पऱ्हाटीला लोंबत राहिला. हा मावशीचा गुन्हा. कलम मात्र दुसरंच लागलं.

त्या दुपारी जमादाराचा फोन आला. तोच जमादार. "बाईच्या घराची झडती हाय. बाई पंच पायजे. ये."

मी गेले तर मावशीच्या पत्र्याच्या खोलीसमोर टेम्पो उभा. टेम्पोत दोन कट्टे. तोंडं शिवलेली, वर निळ्या रंगानं मालकांचं नाव. माझ्या डोळ्यांदेखत मालकांच्या गड्यांनी ते उतरवले आणि आत नेऊन चुलीशेजारी ठेवले. मावशीचं सरव्याचं सोयाबीन होतं, ते ओढून बाहेर भिंतीला लावलं. मावशी दारात बसलेली, पदर तोंडाला. मला बघून म्हणाली, "माय, हे काहून आणून राहिले माझ्या घरात?" मी सरकारी माणूस ना. मलाच विचारणार.

जमादार तिच्याजवळ उकिडवा बसला. आवाज एकदम मवाळ केला. "हे बघ मावशे. मालक म्हणून राहिले का माल गोदामातून गेला. तसं लिहिलं तर सात वर्षांचं कलम. मी काय करतो, रानातून नेला असं लिहितो. पाच हजाराच्या आत दाखवतो. तू कोर्टात फक्त हाव म्हण. नव्या कायद्यात जेल न्हाई. महिनाभर गाव झाडायचं. सुटलीस."

शिक्षा कोर्ट ठरवतं, जमादार नाही. हे मला माहीत होतं. पण ते तोंडातून निघायच्या आधी मालक बोलले. ते शेजारच्या ओट्यावर टेकले होते.

"त्यात काय हाय? झाडणं त्यांच्या अंगवळणीच हाय."

रागानं नाही म्हणाले. शिवी नाही दिली. आज ढगाळ आहे म्हणावं तसं सहज म्हणाले, आणि जमादारानं मान हलवली.

माझ्या डोक्यात तिथं काहीतरी फुटलं. मला आजी आठवली. माझी आजी पहाटे उठून गाव झाडायची. चावडी झाडायची. मारुतीच्या पाराभोवती झाडायची, पण पारावर चढायची नाही. मालकांच्या आजोबांचं अंगण झाडायची, उंबऱ्याच्या अलीकडून. मग टोपलं घेऊन दारोदार भाकरी मागायची. कुणी वरून टाकायचं, कुणी म्हणायचं उद्या ये. तिच्या सासूनं तेच केलं. तिच्या सासूच्या सासूनंही. कोणत्या चोरीची शिक्षा होती ती? कोणतं कलम? किती पिढ्यांची सेवा लिहिली होती आमच्या नावावर, आणि आमचा माल कोणता सापडला होता कुणाच्या चुलीशेजारी?

कायदा लिहिणाऱ्यानं चांगल्या मनानंच लिहिलं असेल. हातात झाडू दिला की माणूस सुधारतो, असं त्याला वाटलं असेल. त्याच्या हातात तो कधी आला नसेल. मालकांच्या घरातल्या कुणाला एखादा न्यायाधीश महिनाभर आमची वस्ती झाडायला लावील, त्या दिवशी मी त्या कलमाला हात जोडीन. तोवर मला ती दया नको.

शिपायानं मोबाइल काढला. नवीन भरती झालेला होता, रेणापूरकडचा. जमादारानं माझ्याकडून पाठ करून घेतलं. "म्हण, मी पंच. माझ्या समक्ष झडती घेतली. माझ्या समक्ष माल मिळून आला. बस, एवढंच. घाबरू नको." कागदही पुढं केला. या वेळी कोरा नव्हता. छापील होता आणि आधीच भरलेला होता. एवढी प्रगती झाली होती.

शिपाई म्हणाला, "चालू केलं."

मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

"मी या गावची महसूल सेवक. मला पंच म्हणून बोलावलंय. हे दोन कट्टे या घरात सापडले नाहीत. मी आले तेव्हा ते टेम्पोत होते. मालकांच्या गड्यांनी माझ्यासमोर आत नेऊन ठेवले. या बाईचं सोयाबीन बाहेर भिंतीला आहे. ते सरव्याचं आहे. त्यात माती आहे. जवळून घ्या."

आणि त्या शिपायानं खरंच मोबाइल भिंतीकडं फिरवला. मी वाकून ओंजळ भरली आणि पुढं धरली. माती, खडे, चिरके दाणे. दोन-तीन सेकंद झाले असतील. मग जमादार ओरडला, "बंद कर ते!"

मी फार शूर होते असं कुणी समजू नका. माझा आवाज चिरकत होता. हातातले दाणे सांडत होते. मालक उठून जवळ आले. "कोतवाल, तुझ्या बापानं असं कधी केलं न्हाई."

मी म्हणाले, "त्यांना वाचता येत नव्हतं, मालक."

अर्ध्या तासात दुसरे पंच आले. मालकांचा चुलतभाऊ आणि गावातला किराणा दुकानदार. त्यांनी शाळेतल्या कवितेसारखं घडाघडा म्हणून दाखवलं. चित्रीकरण पुन्हा पहिल्यापासून झालं. माझ्या बोलण्याचं काय झालं म्हणून मी शिपायाला विचारलं. तो जमिनीकडं बघत म्हणाला, "ताई, मोबाइल हँग झाला होता." कॅमेरा आला खरा. तो कुणाच्या हातात राहणार, हे पुस्तिकेत नव्हतं.

मग आम्ही दोघी नांदेडला गेलो, पोलिसांच्या मोठ्या साहेबांच्या कचेरीत. हातात अर्ज, पिशवीत नमुन्याला किलोभर सरव्याचं सोयाबीन. सकाळपासून बाकावर बसलो. दुपारी बाबूनं अर्ज वाचला आणि म्हणाला, "ठाण्यामार्फत या." मी म्हटलं, "तक्रार ठाण्याचीच आहे." तो म्हणाला, "मग ऑनलाइन टाका." सोयाबीन बघायला कुणी पिशवीत हात घातला नाही. तक्रार ऑनलाइन टाकली. तीन दिवसांनी फोन आला, तुमची तक्रार आमच्याकडं चौकशीला आली आहे. बोलणारा कोण? तोच जमादार. हसत होता. "लई शिकलीस गं तू." चित्रीकरण मागितलं तर लेखी उत्तर आलं, उपलब्ध चित्रीकरण न्यायालयात सादर केले आहे. उपलब्ध! तो शब्द वाचून कागद फाडावासा वाटला. फाडला नाही, कारण आता कागद जपायला शिकले आहे.

कलमांचे आकडे बदलले. पुस्तिका नवी, फ्लेक्स नवा, ॲप नवं. आणि तक्रार फिरून फिरून त्याच टेबलावर. माणूस चिडून चिडून शेवटी थकतो. त्यांनाही तेच हवं असतं.

मावशी थकलीच. नांदेडहून येताना एसटीत म्हणाली, "जाऊ दे वं माय. झाडून टाकते महिनाभर. माझ्या हाताला काय नवं हाय का?"

मला जमादाराचा आला नसेल एवढा तिचा राग आला. मी म्हटलं, "मावशे, एकदा हाव म्हणालीस का तू चोर. कागदावर चोर. मग कोण घेईल तुला रानात? आन् तुझ्यामागं सगळ्या बायांचा सरवा चोरीचा ठरंल. मालकांना तेच पायजे."

ती म्हणाली, "तुझं बरं हाय. तुझी नोकरी हाय. मला उद्या कामाला बलवणारं कोणी न्हाई."

खरं होतं.

नोकरीचं उत्तर तहसीलमधून आलं. कारणे दाखवा नोटीस. पोलिसांना सहकार्य केले नाही, शासकीय कामात अडथळा आणला. तलाठी म्हणाले, "दोन ओळींत माफी लिही, मी मिटवतो." तलाठी चांगला माणूस आहे. म्हणून जास्त त्रास होतो. मी दोन ओळी लिहिल्या नाहीत, दोन पानं लिहिली. त्या दिवशी काय बघितलं ते लिहिलं. मग पेन थांबेना. लिहिलं की याआधी मी अकरा पंचनाम्यांवर सह्या केल्या आहेत आणि एकही वाचलेला नाही. बरेच कोरे होते. त्या सालगड्याचा पहिला. त्याच्या कागदावर पुढं काय भरलं, मला माहीत नाही. पाय घसरला म्हणून भरलं असेल. घसरलाही असेल. मी बघितलं नव्हतं. त्याची बायको नंतर मला बाजारात भेटली होती. म्हणाली, "ताई, तुमी व्हता ना तिथं?" मी हाव म्हणाले होते. तेही लिहिलं.

तलाठ्यानं वाचलं आणि चष्मा काढला. "अगं, तू स्वतःचाच गुन्हा लिहून देतीयेस."

"हो," म्हटलं. "द्या पाठवून."

ते उत्तर मी मावशीला वाचून दाखवलं. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण यानं नोकरी जाऊ शकते हे तिला बरोबर कळलं. "येडी हायेस तू," म्हणाली. मला चहा दिला.

हदगावच्या कोर्टात तारीख होती. न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी आरोप वाचून दाखवला, सोप्या मराठीत समजावला आणि विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" मालक पुढच्या बाकावर बसलेले. जमादार दाराशी उभा राहून मान हलवत होता. हाव म्हण, हाव म्हण. मावशीनं पदर नीट केला. एवढा वेळ लावला, की लिपिकानं मान वर करून बघितलं.

"न्हाई, बाईसाहेब," ती म्हणाली. "तो सरवा हाय. चोरी न्हाई."

मी मागच्या बाकावर तोंडाला हात लावून रडले. लिपिकानं लिहिलं, कबूल नाही. पुढची तारीख.

आता गंमत बघा. मावशी हो म्हणाली असती तर महिन्याभरात मोकळी झाली असती. नाही म्हणाली, म्हणून तारखा सुरू झाल्या. आतापर्यंत तीन झाल्या. एका तारखेला साक्षीदार आले नाहीत, एका तारखेला सरकारी वकील नव्हते. दर खेपेला तिचा रोज बुडतो. मालकांच्या धाकानं चार जणांनी तिला कामाला सांगणं बंद केलं. टोळीतल्या आठपैकी पाच बाया अजून तिच्यासोबत जातात, तिघी जात नाहीत. माझ्या नोटिशीचा निकाल लागलेला नाही. पोलीस आता शेजारच्या गावचा कोतवाल पंच म्हणून नेतात. मी त्याला गाठून सांगितलं, वाचल्याशिवाय सही करू नको, भाऊ. तो म्हणाला, "ताई, माझी दोन लेकरं हायेत." मीही चार वर्षं तेच केलं.

परवा किराणा दुकानदार निरोप घेऊन आला. "मालक म्हणून राहिले का मिटवून टाका. झाडायबिडायचं पण राहू द्या. मावशीनं चारचौघांत चुकलं म्हणावं, तू ते दोन पानं परत घ्यावं. बस."

मावशी म्हणाली, "चुकलं न्हाई तर चुकलं कसं म्हणू?" तो माझ्याकडं वळला. मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला.

बचावाच्या बाजूनं मी साक्षीला उभी राहणार आहे. मावशीच्या वकिलांनी मला आधीच सांगून ठेवलंय, समोरचे तुझीच दोन पानं बाहेर काढतील, खोटी पंच म्हणतील, तुझ्यावरच गुन्हा नोंदवायला सांगतील. नोंदवू द्या. ज्या सह्या मी केल्या, त्या माझ्या आहेत. त्यांचं जे व्हायचं ते होऊ द्या, मी कबूल म्हणेन. माझ्या गुन्ह्याला ती सेवा लागू नाही म्हणतात. पण माझ्यावर दया येऊन न्यायाधीशबाईंनी मला ती दिलीच, तर मी हात जोडून एवढंच सांगणार आहे. बाईसाहेब, मला तुरुंगात टाका. गाव मी झाडणार नाही.